डावं पान, उजवं पान: रोजच्या जगण्यातून मनन कसं लिहावं

चर्चच्या महिला मंडळाच्या यादीत एक दिवस आपलंही नाव येतं. "ताई, पुढच्या बुधवारी मनन तुमच्याकडे बरं का." रोजच्या आयुष्यातला एखादा अनुभव सांगायचा आणि त्यातून प्रभू येशूने काय शिकवलं ते सांगायचं, एवढीच सूचना असते. घरी येऊन वही उघडली की मात्र काही सुचत नाही. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं असतं तरी काय? पहाटे पाण्याची मोटर, मुलांचे डबे, कामावरची धावपळ, संध्याकाळी भाजीबाजार, रात्री भांडी.

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी गेली अकरा वर्षं घरसभेत आणि महिला मंडळात मनन देते आहे. पहिली दोन वर्षं मी उलट्या बाजूने सुरुवात करायचे. आधी एखादा छानसा धडा ठरवायचा, "देव विश्वासू आहे" वगैरे, आणि मग त्याला शोभेल अशी घटना आठवायची. ऐकणाऱ्या माना डोलवायच्या, पण घरी जाताना कुणाच्याच सोबत काही जायचं नाही. माझ्यासुद्धा. नंतर हळूहळू जी पद्धत हाताला लागली ती इथे लिहिते आहे. नव्याने मनन देणाऱ्या बहिणींना आणि तरुण संघातल्या मुलांना ती उपयोगी पडेल.

सुरुवातीला एक पाया पक्का करून घ्या. रोजच्या वस्तूंतून देवाविषयी बोलणं ही पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, स्वतःची रीत आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव त्याला बदामाची फांदी दाखवतो आणि विचारतो, तुला काय दिसतं? आमोस या दुसऱ्या संदेष्ट्याला आधी ओळंबा दाखवतो, मग पिकलेल्या फळांची टोपली, आणि दोन्ही वेळा हेच विचारतो. दोघेही समोर आहे तेवढंच सांगतात: बदामाची फांदी दिसते, ओळंबा दिसतो, टोपली दिसते. अर्थ त्यानंतर येतो, आणि तो देव सांगतो. हिब्रूत बदामाला 'शाकेद' म्हणतात आणि जागं राहून लक्ष ठेवणाऱ्याला 'शोकेद'. त्या देशात हिवाळा सरता सरता सगळ्यांआधी बदामच फुलतो. म्हणजे फांदी उगाच दाखवलेली नव्हती, पण ती आधी नीट पाहावी लागली. माझी सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

लागणारं साहित्य

- दोनशे पानी वही. डाव्या पानावर घटना लिहायची, उजवं पान शास्त्रातल्या वचनासाठी कोरं सोडायचं.
- पवित्र शास्त्र, शक्यतो समासात संदर्भ दिलेलं. एखादं वचन आणखी कुठे आलंय हे त्या बारीक अक्षरांतून कळतं.
- दुसरं एक भाषांतर, ताडून पाहण्यासाठी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं भाषांतर मिळालं तर जरूर जवळ ठेवा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरातही खूप उपयोगी पडतं.
- पेन्सिल. पेनाने लिहिलं की खोडावंसं वाटत नाही, आणि इथे खोडावं लागतं.
- एक मोठं माणूस, ज्याला लिहिलेलं आधी वाचून दाखवता येईल.

मोबाईलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये शब्द टाकून वचन शोधणं सोपं आहे, ते वापरा. लिहिणं मात्र हाताने करा. मोबाईलवर लिहायला बसलं की मध्येच मेसेज येतो आणि दिवस आठवायचा राहून जातो.

१. दिवस मागे वळून पाहा

रात्री निजण्यापूर्वी पंधरा मिनिटं काढा. सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिने मला हे शिकवलं. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) या संताने घालून दिलेली ही रीत पाच टप्प्यांची आहे: आभार मानणं, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, दिवसाची उजळणी करणं, चुकल्याची क्षमा मागणं आणि उद्यासाठी कृपा मागणं. आपण प्रॉटेस्टंट असलो म्हणून बिचकायचं कारण नाही. यात एकही गोष्ट अशी नाही जी आपण एरवी प्रार्थनेत करत नाही. फक्त क्रम लावलेला आहे.

घडताना गोष्ट कळत नाही, मागे वळल्यावर कळते, हे अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या येशूच्या दोन शिष्यांकडून शिका (लूक २४). सुमारे अकरा किलोमीटरच्या त्या वाटेवर मरणातून उठलेला प्रभू त्यांच्याशेजारी चालला, बोलला, तरी त्यांनी ओळखलं नाही. भाकर मोडली तेव्हा ओळखलं, आणि त्यानंतर म्हणाले की वाटेत आपलं अंतःकरण आतून पेटत होतं की. म्हणून दिवसात काही घडलं की लगेच त्याचा धडा करू नका. रात्रीपर्यंत थांबा, पुष्कळदा आठवडाभर थांबा.

२. डाव्या पानावर फक्त घटना लिहा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे आणि नवीन माणूस हमखास इथेच घाई करतो. डाव्या पानावर "देवाने मला दाखवलं", "मला जाणवलं" असले शब्द आणायचे नाहीत. काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं एवढंच लिहायचं. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

*"मार्च महिना. ज्वारीचं पीठ डब्यात महिन्यापेक्षा जास्त पडून. भाकरी थापायला घेतली तर कडा फाटायला लागल्या, उचलताना मधोमध तुटली. दुसरी तशीच. सासूबाई आल्या, चिमूटभर पीठ बोटांत चोळून म्हणाल्या, 'विरी गेलीय त्याची. पाणी उकळायला ठेव.' उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्याने हलवलं, झाकून ठेवलं. कोमट झाल्यावर त्यांनी स्वतः मळलं, बराच वेळ. भाकरी थापली गेली. विस्तवावर टम्म फुगली. त्या म्हणाल्या, 'एवढं कशाला दळून आणतेस एकदम?' मी म्हटलं, गिरणीचे हेलपाटे वाचतात."*

त्या रात्रीच मनन द्यायचं असतं तर मी "देव तुटलेल्यांना पुन्हा जोडतो" असं सांगून मोकळी झाले असते. वाक्य खरं आहे. पण ते या पानातून निघत नाही, ते मी आधीपासूनच खिशात घेऊन फिरत होते. तीन-चार दिवसांनी पान पुन्हा वाचलं तेव्हा नजर शेवटच्या दोन ओळींवर थांबली. पीठ खराब नव्हतं. ज्वारी चांगली होती, दळणही चांगलं होतं. मी एकदम पाच किलो दळून आणून ते पडू दिलं होतं, म्हणून त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती.

३. वचन शोधा, आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचंही वाचा

आता उजवं पान. घटनेतला एक ठळक शब्द घ्या. माझ्या पानात तो 'भाकर' होता. आपल्या मराठी शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे आणि प्रभू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो. आपल्या घरात जी थापली जाते तीच भाकर आपल्या वचनात आहे, याचा मला नेहमी आनंद वाटतो. शोधता शोधता मी निर्गम १६ ला पोहोचले. रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोज सकाळी गोळा करायचा होता. काहींनी सांगूनही सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

तिथेच थांबले असते तर साठवणं हे पाप आहे असा धडा झाला असता, आणि घरात महिन्याचं वाणसामान भरणाऱ्या प्रत्येक बाईला मी उगाच अपराधी केलं असतं. पुढे वाचलं. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना दुसऱ्या सकाळी चांगला राहिला. म्हणजे साठवण्यावर काही नव्हतं. उद्याही देव देईल यावर भरवसा ठेवायचा होता, आणि तो ज्या दिवशी जे सांगेल ते त्या दिवशी करायचं होतं. मग मला माझी प्रार्थना दिसली. रविवारी मंडळीत तासभर बसून मी आठवडाभराचं दळण दळून आणत होते आणि शुक्रवारपर्यंत ते पुरवत होते. गुरुवारी मुलावर ओरडले तेव्हा हाताशी काहीच चिकटपणा उरला नव्हता.

उकळत्या पाण्याचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. त्यासाठी वचन शोधून चिकटवलं नाही. ते डाव्या पानावरच आहे.

संदर्भ तोडून वचन घेण्याचा सापळा फार मोठा आहे, म्हणून दोन उदाहरणं. यिर्मया २९:११, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत आणि तो आशेचं भवितव्य देईल, हे वचन आपल्या कितीतरी कॅलेंडरवर असतं. नोकरीचा इंटरव्ह्यू झाला की आपण ते काढतो. ते वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्याच आधीच्या ओवीत (वचनात) बंदिवासाची सत्तर वर्षं सांगितली आहेत आणि त्याआधी घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं कल्याण मागा असं म्हटलं आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यातले बहुतेक परत येणारच नव्हते. हे कळल्यावर वचन लहान होत नाही. उलट लांबच्या बंदिवासात बसलेल्या माणसाला ते जास्त खरं वाटतं. तसंच फिलिप्पैकरांस ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सगळं करू शकतो. प्रेषित पौल ते बंधनात असताना लिहितो, आणि आधीच्या दोन ओव्यांत उपासमार आणि विपुलता दोन्हींत समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो. परीक्षेच्या पेपरवर ते लिहून ठेवणाऱ्या मुलांना मी रागावत नाही. त्या दोन ओव्या मात्र वाचायला लावते.

४. तीन प्रश्न विचारा

दोन्ही पानं भरली की स्वतःला विचारा:

- हा धडा या घटनेतूनच निघतो, की कुठल्याही घटनेला लावता आला असता? लावता येत असेल तर डावं पान पुन्हा वाचा.
- या गोष्टीत शहाणी मीच आहे का? प्रत्येक मननात आपण दयाळू आणि शेजारीण चुकलेली असं होत असेल तर थांबा. माझ्या भाकरीच्या पानात शहाणपण सासूबाईंचं होतं.
- हे मी दुःखात असलेल्या माणसासमोर बसून सांगू शकेन का?

सावध: दुःखाचा अर्थ लावायला जाऊ नका

याला मी क्रमांक दिलेला नाही, कारण ही पायरी नव्हे. इथे पाऊल टाकायचंच नाही.

माझ्या यजमानांचं मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी एका प्रार्थना गटातले बंधू भेटायला आले. प्रार्थना केली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, घरात काही झाकलेलं पाप असेल तर शोधा. देव उगाच मारत नाही." त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी लग्नापासूनची माझी पापं मोजत होते. आत माणूस वेदनेने तळमळत होता आणि मी त्याच्याजवळ जायचं सोडून हिशोब करत होते. ते बंधू वाईट नव्हते. त्यांना एक घटना दिसली आणि त्यांनी तिला लगेच अर्थ दिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या. डब्यात मुगाची खिचडी होती. त्या काही बोलल्या नाहीत. मी खाल्ल्यावर पर्समधून फणी काढली आणि माझे तीन दिवसांचे गुंतलेले केस सोडवून वेणी घातली. मग डबा धुऊन घेऊन गेल्या.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती असं वाटतं का, असंही त्याने विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं (लूक १३). सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. देव शेवटी त्यांच्यावर रागावला तो त्यांच्या बोलण्यासाठी.

कुणाचा आजार, अपघात, मूल न होणं, व्यवसाय बुडणं यांतून दुसऱ्या कुणासाठी धडा काढू नका. स्वतःच्या दुःखातून काढायचा असेल तर तोही वेळ घेऊन, आणि निघाला नाही तरी चालतो.

५. दुसऱ्याची गोष्ट असेल तर परवानगी घ्या

हे मी स्वतः चूक करून शिकले. एका शेजारणीच्या मुलाच्या व्यसनाबद्दल आणि तिच्या प्रार्थनेबद्दल मी मंडळात बोलले. नाव घेतलं नव्हतं. पण "आमच्या मागच्या गल्लीतली एक आई" म्हटल्यावर खोलीतल्या सगळ्यांना कळलं. ती सात महिने मंडळात आली नाही. मत्तय ५ मध्ये वेदीजवळ आपलं अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, ते मी उशिरा पाळलं. तिच्या दारात उभी राहून क्षमा मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं रडणं माझंच होतं हो."

तेव्हापासूनचा नियम: नाव, गल्ली, गाव बदलून भागत नाही. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर पान मिटायचं. घरातल्या मुलांनाही विचारा, दहावीतल्या मुलाला आपल्या मार्कांवर मनन झालेलं आवडत नाही. आणि मी वर भाकरीचं पान दिलं ते सासूबाईंना वाचून दाखवूनच.

६. सांगताना

पाच ते सात मिनिटं पुरतात. सुरुवात घटनेपासून करा, "प्रिय बंधुभगिनींनो, मी काही फार मोठी वक्ता नाही" या वाक्यात एक मिनिट जातं. आपल्या भाषेत बोला. घरी "जेवायला वाढते" म्हणणारी बाई मननात "भोजन अर्पण करते" म्हणायला लागली की ऐकणाऱ्याला ती अनोळखी वाटते.

आकडा किंवा जुनी मापं सांगायची असतील तर आजच्या मापात सांगा. मत्तय १३:३३ मधली बाई तीन मापं पिठात खमीर लपवते. तीन मापं म्हणजे जवळपास ३६ ते ४० लिटर पीठ, शंभराच्या वर माणसं जेवतील एवढं. हे सांगितलं की स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे डोळे मोठे होतात, कारण एवढं पीठ मळायला काय लागतं ते त्यांच्या हातांना माहीत असतं. पाळकांपेक्षा (पास्टरांपेक्षा) त्यांना तो दाखला लवकर कळतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

वचन घटनेनंतर वाचा आणि पूर्ण वाचा. मग एक-दोन वाक्यांत तुम्हाला काय उमगलं ते सांगा, "आपण सर्वांनी असं केलं पाहिजे" टाळा. तुम्ही काय करायला लागलात ते सांगा. मी भाकरीच्या मननाच्या शेवटी सांगितलं होतं की आता मी रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक स्तोत्र वाचते. पुढच्या आठवड्यात दोघींनी येऊन सांगितलं की त्यांनीही कुकर लावताना शास्त्र ओट्यावर ठेवायला सुरुवात केली.

त्यानंतर भजन. आपल्याकडे नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आहेत, त्यांनी आपल्या नगरातच ओवी-अभंगांच्या वळणाने प्रभूची गाणी रचली. मननाशी जुळणारं एखादं आधीच निवडून पेटीवाल्या दादांना सांगून ठेवा, ऐनवेळी पट्टी सापडत नाही.

बुधवारी सभेत वाचण्याआधी सोमवारी कुणा मोठ्या माणसाला वाचून दाखवा. पाळकसाहेब वेळ देतात, आणि वचनाचा अर्थ कुठे चुकला असेल तर तेच सांगू शकतात. मला खिचडी आणणाऱ्या मावशी सांगतात. त्या चौथी शिकलेल्या आहेत. वाचताना त्या मध्येच हात वर करतात आणि विचारतात, "हे तुला दिसलं होतं, का आत्ता घातलंस?"

७. वर्षअखेरीला वही पुन्हा वाचा

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाण्याआधी दुपारी तासभर काढून मी वर्षाची वही वाचते. जी डावी पानं तेव्हा निरर्थक वाटली होती त्यांतल्या एक-दोनांसाठी वचन आता समोर आलेलं असतं, ते पेन्सिलीने तारीख टाकून लिहिते. जिथे पूर्वी घाईने अर्थ लावला होता तो खोडते.

गेल्या वर्षी डावी पानं ८६ भरली होती, उजवी २३. हॉस्पिटलच्या त्या रात्रीचं डावं पान जुन्या वहीत आहे. फणी, वेणी, धुतलेला डबा, सगळं लिहिलेलं आहे. दरवर्षी मी ते उघडते. उजव्या बाजूला अजून काही लिहिलेलं नाही.